वाचक विचारतात : ग्रीक-रोमन इतिहासकारांना हे कळलं कुठून?

गेल्या अंकात कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयातल्या, पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेल्या ब्राँझवस्तूंवर छोटं टिपण आलं होतं. पत्रं येतील ती मूर्तींबद्दल, असं वाटलं होतं. आली ती मात्र बहुतेक ग्रीक आणि रोमन इतिहासकारांबद्दल. त्यांतली सात इथे घेतली आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि लांब पत्रं आखूड केली आहेत.

ब्रह्मपुरीत समुद्रदेव पोसायडनची ब्राँझमूर्ती सापडली, म्हणजे रोमशी आपला व्यवहार होताच. मग हिरोडोटस, लिव्ही, टॅसिटस यांच्यापैकी कुणी कोल्हापूरबद्दल काही लिहिलं आहे का?
— एक वाचक, शुक्रवार पेठ

नाही, एकानेही नाही. त्यांच्या लेखी इतिहास म्हणजे युद्धं, तह, सत्तेची भांडणं आणि ती करणारी माणसं. जहाजात काय भरलं आणि कुठे उतरलं, हा त्यांच्या दृष्टीने वाण्याच्या वहीचा विषय होता. हिरोडोटस तर ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातला. त्याला माहीत असलेला भारत सिंधूच्या आसपास संपतो. त्यापुढे वाळवंट आहे, असं त्याने ऐकलं होतं.

आपल्या मुलखाची खबर मिळते ती खरोखरच वाण्याच्या वहीसारख्या एका ग्रीक पुस्तकात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं ‘पेरिप्लस’ हे ते पुस्तक. लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही, पण माल, बंदरं, भरती-ओहोटी यांची त्याला बारीक जाण आहे. भडोचपासून दक्षिणेला २० दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला १० दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं आजचं तेर, हे तो सांगतो. कल्याणचंही नाव घेतो. कोल्हापूर त्यात नाही. दुसरा उल्लेख रोमन लेखक थोरल्या प्लिनीचा : भारत दरवर्षी साम्राज्याचे ५ कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो, अशी त्याची तक्रार आहे. पण त्याचा तो ग्रंथ इतिहास नव्हे, विश्वकोश आहे.

मूर्तीवरून एक घाई मात्र करू नका. वस्तू रोमन म्हणजे माणूसही रोमन, असं होत नाही. भडोचला उतरलेली वस्तू चार-पाच व्यापाऱ्यांचे हात बदलत पंचगंगेकाठी येऊ शकते. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे सांकळिया आणि दीक्षित यांनी ब्रह्मपुरी खणली, तेव्हा सातवाहनकालीन वस्तीचे थर मिळाले. वस्ती नांदती होती, एवढं त्यातून नक्की कळतं.

हिरोडोटस ग्रीसवर चालून आलेल्या पर्शियन राजा झर्क्सीजच्या फौजेचा आकडा ५२,८३,२२० देतो. वर्गात मुलं हसतात. अशा माणसाला ‘इतिहासाचा जनक’ कसं म्हणायचं?
— इतिहास शिक्षिका, कागल

ही पदवी देणारा रोमन वक्ता सिसेरो त्याच वाक्यात पुढे म्हणतो की हिरोडोटसमध्ये दंतकथा अगणित आहेत. तेव्हा मुलांचं हसणं जुन्या परंपरेला धरूनच आहे. पण हा आकडा फळ्यावर मांडून बघा. तो हवेतून आलेला नाही. त्याने हिशोब दाखवला आहे, म्हणूनच तो कुठे फसला ते आज आपल्याला सांगता येतं.

पायदळ १७,००,०००. घोडदळ ८०,०००. उंटस्वार आणि रथवाले मिळून २०,०००. मग आरमार : वल्ह्यांच्या तीन रांगांच्या युद्धनौका १,२०७, प्रत्येकीवर २०० माणसं, म्हणजे २,४१,४००. शिवाय प्रत्येक नौकेवर ३० जादा शिपाई, म्हणजे ३६,२१०. लहान जहाजं ३,०००, सरासरी ८० माणसं, म्हणजे २,४०,०००. इथवर बेरीज २३,१७,६१०. वाटेत युरोपातून मिळालेल्या १२० नौकांवरचे २४,००० आणि पायदळ ३,००,००० धरले की २६,४१,६१०. मग नोकर-चाकर आणि रसदवाले लढणाऱ्यांइतकेच असतील असं धरून तो सगळ्याची दुप्पट करतो. ५२,८३,२२०. बेरजा-गुणाकार अचूक आहेत.

यानंतर तो एक भागाकार करतो आणि तिथे चुकतो. माणशी रोज एक खोइनिक्स धान्य, हे साधारण लिटरभराचं माप, आपल्या शेराच्या जवळपासचं. ४८ खोइनिक्सचा एक मेदिम्नोस. तर रोज किती मेदिम्नोस लागले? मुलांना ५२,८३,२२० भागिले ४८ करायला सांगा. उत्तर १,१०,०६७ आणि बाकी ४. हिरोडोटस लिहितो १,१०,३४०. म्हणजे २७३ जास्त. अक्षरांनी आकडे लिहिणाऱ्या आणि शून्य नसलेल्या पद्धतीत खड्यांच्या पाटीवर एवढा भागाकार करणं सोपं नव्हतं. जिथे सोपं गणित होतं तिथे तो बरोबर आहे, जिथे अवघड होतं तिथे घसरला. थापा मारणारा माणूस अशा जागी चुकत नाही. तो गोल आकडा ठोकून मोकळा होतो.

खरी गडबड गणितात नाही, गणितात घातलेल्या आकड्यांत आहे. १७ लाख कसे मोजले, हेही त्याने सांगितलं आहे. थ्रेसमध्ये दोरिस्कस इथे १०,००० माणसं दाटीवाटीने उभी केली, त्यांच्याभोवती रेघ ओढली, माणसं बाहेर काढून त्या रेघेवर बेंबीइतक्या उंचीची भिंत घातली आणि मग ते आवार पुन्हा पुन्हा भरलं. १७ लाखांसाठी ते १७० वेळा भरावं लागलं. खासबागेच्या आखाड्यात माणसं भरून जोतिबाच्या चैत्रयात्रेची गर्दी मोजायला निघण्यासारखाच हा प्रकार आहे. एक भरणी अर्ध्या तासात उरकली असं धरलं तरी ८५ तास लागतात. भरणी क्रमांक ४० नंतर किती वेळा आवार अर्धवट भरलं असेल, याचा विचार करा. शिवाय भरणाऱ्या सरदाराला आपली तुकडी मोठी दाखवायची हौस असणारच.

पर्शियन फौजेची रचना दहाच्या पटीत होती. हजाराची तुकडी कुणीतरी दहा हजाराची समजलं आणि आकडा दसपट झाला, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. १९३० मध्ये फ्रेडरिक मॉरिस या ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने वाटेवरच्या पाण्याचा अंदाज घेऊन फौज सुमारे २ लाख धरली. पाणी हा कठोर साक्षीदार आहे, घोड्याला ते पाजावंच लागतं.

वर्गासाठी एक सूचना. या आकड्यांना तीन रंग द्या : त्याने ऐकलेले, त्याने सरासरी धरलेले आणि त्याने निव्वळ अंदाज केलेले. युरोपातल्या फौजेचा आकडा देताना ‘हा अंदाज आहे’ असं तो स्वतःच म्हणतो. दुपटीचा गुणाकार मात्र पूर्ण त्याच्या मनचा, आणि एकट्या त्यानेच आकड्यात २६ लाख वाढवले आहेत.

थ्युसिडिडीज, लिव्ही, टॅसिटस यांच्या ग्रंथांत पानंच्या पानं भाषणं आहेत. तेव्हा ध्वनिमुद्रण नव्हतं. मग ही भाषणं बनावट समजायची का? परीक्षेत काय लिहू?
— विद्यार्थिनी, बी.ए. दुसरं वर्ष, राजारामपुरी

‘बनावट’ हा शब्द लिहू नका आणि ‘अस्सल’ही लिहू नका. प्रत्येकाचा नियम वेगळा होता, तो लिहा.

थ्युसिडिडीजने पहिल्याच भागात आपला नियम सांगितला आहे. शब्द जसेच्या तसे लक्षात ठेवणं त्याला स्वतःला आणि त्याला सांगणाऱ्यांनाही अवघड होतं. म्हणून त्या त्या प्रसंगी वक्त्याने जे बोलणं आवश्यक होतं असं त्याला वाटलं, ते त्याने लिहिलं; मात्र प्रत्यक्षात जे बोललं गेलं त्याच्या एकूण आशयाला शक्य तेवढं धरून. या वाक्याची दोन टोकं एकमेकांशी ओढाताण करतात. ‘आवश्यक होतं ते’ आणि ‘बोललं गेलं त्याला धरून’ यांत कोणतं टोक कुठे जड पडतं, हे भाषणागणिक बदलतं. अथेन्सच्या जाहीर सभेतलं भाषण त्याने स्वतः ऐकलेलं असू शकतं. पण ख्रिस्तपूर्व ४१६ मध्ये मेलोस बेटावर अथेन्सचे दूत आणि बेटाचे पुढारी यांच्यातला संवाद? तो लोकांसमोर झाला नाही, निवडक लोकांत झाला. आणि सेनापती असताना अँफिपोलिस शहर वाचवता आलं नाही म्हणून थ्युसिडिडीज ख्रिस्तपूर्व ४२४ पासून हद्दपारीत होता. तिथे दुसरं टोक सैल झालं असणार, हे उघड आहे.

ग्रीक इतिहासकार पॉलिबियसला हे मान्य नव्हतं. जे बोललं गेलं तेच द्यावं, नाहीतर शाळेतल्या वक्तृत्वाच्या सरावासारखं लिखाण होतं, असं म्हणत त्याने आधीच्या टिमियस या इतिहासकाराला चांगलंच सोलून काढलं आहे.

आता टॅसिटस. इथे नशिबाने आपल्या हातात पडताळा आहे. इसवी सन ४८ मध्ये सम्राट क्लॉडियसने गॉलमधल्या (आजचा फ्रान्स) प्रमुखांना सिनेटमध्ये घ्यावं म्हणून भाषण केलं. ते ब्राँझच्या पत्र्यावर कोरलेलं होतं आणि त्याचे मोठे तुकडे १५२८ मध्ये फ्रान्समध्ये लियाँ इथे सापडले. टॅसिटसच्या ‘अॅनल्स’च्या अकराव्या भागातही तेच भाषण आहे. दोन्ही शेजारी ठेवली की इतिहासकाराची कात्री दिसते. पत्र्यावरचा क्लॉडियस पाल्हाळिक आहे. जुन्या राजांच्या वंशात शिरतो, सर्व्हियस तुलियस हा एट्रस्कन कथेतला मास्तार्नाच, असं मध्येच सांगतो आणि एका जागी तर ‘आता मुद्द्यावर ये’ अशा अर्थाचं स्वतःलाच बजावतो. टॅसिटस हे सगळं उडवतो, क्रम बदलतो, भाषण आखूड आणि धारदार करतो. पण बाहेरच्यांना सामावून घेतल्यानेच रोम वाढलं, हा युक्तिवाद तो बदलत नाही. आशय सम्राटाचा, मराठमोळ्या भाषेत सांगायचं तर कपडे टॅसिटसचे.

परीक्षेत तीन मुद्दे पुरेत : लेखक तिथे हजर होता का, भाषण जाहीर होतं की बंद दाराआड आणि त्याची दुसरी प्रत कुठे आहे का. जाता जाता सभासदाच्या बखरीतल्या संवादांना हेच प्रश्न लावून बघा, उत्तरपत्रिकेत नसलं तरी चालेल.

मोडी कागद वाचताना त्यांतल्या शुहूर सन या कालगणनेने डोकं उठतं. ग्रीक-रोमन लेखक तारीख कशी देत? तिथे तरी काही सोय होती का?
— निवृत्त कारकून, शाहूपुरी

शुहूर सन त्यापुढे बरा म्हणायची वेळ येते. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीनंतर ६०० मिळवले की इसवी सन हाती येतो. ग्रीसमध्ये गावागणिक पंचांग आणि गावागणिक अधिकारी.

अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातल्या पेलोपोनेशियन युद्धाची सुरुवात थ्युसिडिडीज कशी देतो पाहा : तीस वर्षांच्या तहाचं पंधरावं वर्ष, आर्गोसला क्रिसिस पुजारीण असून ४८ वर्षं, स्पार्टात एनेसियस एफोर आणि अथेन्समध्ये पायथोडोरस आर्कन (दोन्ही वर्षाला नाव देणारी पदं), पोटिडियाच्या लढाईनंतरचा सहावा महिना, वसंताची सुरुवात. एका घटनेला एवढ्या खुंट्या, कारण कोणत्या गावचा वाचक कोणती खुंटी ओळखेल याचा भरवसा नाही. आपल्या हिशोबाने ते साल ख्रिस्तपूर्व ४३१. त्यानंतर तो फक्त युद्धाचं वर्ष आणि त्यातला उन्हाळा किंवा हिवाळा एवढंच देतो. अधिकाऱ्याच्या नावाने वर्ष सांगितलं तर घटना त्याच्या कारकिर्दीच्या सुरुवातीला घडली की शेवटी हे कळत नाही, असं कारणही त्याने दिलं आहे.

पुढे ऑलिंपियाडची, म्हणजे ख्रिस्तपूर्व ७७६ पासून ऑलिंपिक खेळांच्या चार-चार वर्षांची, गणना रूढ झाली. ती बदलायची कृती : ऑलिंपियाडच्या आकड्यातून १ वजा करा, ४ ने गुणा, ते ७७६ मधून वजा करा, मग त्या ऑलिंपियाडमधल्या वर्षाच्या आकड्यातून १ वजा करून तेही काढा. उदाहरणार्थ ८७ व्या ऑलिंपियाडचं पहिलं वर्ष. ८६ गुणिले ४ म्हणजे ३४४. ७७६ वजा ३४४ म्हणजे ४३२. पण हे वर्ष भर उन्हाळ्यात सुरू होतं, म्हणून ते ख्रिस्तपूर्व ४३२ च्या उत्तरार्धापासून ४३१ च्या पूर्वार्धापर्यंत. वर सांगितलेला वसंत याच वर्षात पडतो, ताळा जमला. चुका होतात त्या बहुतेक या अर्ध्या वर्षाच्या सांध्यावर. दुसरी चूक ख्रिस्तपूर्व आणि इसवी सन ओलांडताना : मध्ये शून्य वर्ष नाही, तेव्हा बेरजेतून १ कमी करायला विसरू नका.

रोमन लोक दोन कॉन्सलांच्या, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेल्या सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या, नावाने वर्ष ओळखत. ख्रिस्तपूर्व ५९ मध्ये सीझर आणि बिब्युलस होते, पण बिब्युलस घरात बसला आणि कारभार एकट्या सीझरने केला. तेव्हा टवाळांनी ते वर्ष ‘ज्युलियस आणि सीझर यांचं’ केलं.

सर्वांत पक्की खुंटी ग्रहणाची. थ्युसिडिडीजने पहिल्या उन्हाळ्यात दुपारनंतर सूर्याची कोर झाली आणि काही तारे दिसले, असं लिहिलं आहे. गणिताने ते ३ ऑगस्ट, ख्रिस्तपूर्व ४३१ ला येतं.

हे लेखक तळटीप देत नाहीत, ‘काही जण म्हणतात’ एवढ्यावर भागवतात. दोन ग्रंथांत दोन आकडे असले तर ते निवड कशी करत?
— सूतगिरणीतले एक वाचक, इचलकरंजी

आधी हाताची अडचण समजून घ्या. पुस्तक म्हणजे पपायरसची गुंडाळी. पान क्रमांक नाही, शब्दांमध्ये जागा नाही, सूची नाही. एक संदर्भ तपासायचा तर गुंडाळी एका हाताने उलगडत दुसऱ्या हाताने गुंडाळत जायचं. लिव्हीने असे १४२ भाग लिहिले, त्यांतले ३५ उरले आहेत. बहुतेक लेखक एका वेळी एकच ग्रंथ समोर ठेवत, तो वाचून त्याच्या अंगाने लिहीत आणि दुसऱ्यातला फरक आठवणीतून जोडत. एकच घटना किंचित फरकाने दोनदा येते, ती बऱ्याचदा यामुळे. पहिला ग्रंथ संपून दुसरा धरला, आणि तीच लढाई पुन्हा भेटली.

निवडीचं जवळून दिसणारं उदाहरण लिव्हीच्या तेहतिसाव्या भागात आहे. ख्रिस्तपूर्व १९७ ची किनोस्केफालेची लढाई, मॅसिडोनियाचा राजा फिलिप हरला. मेलेले शत्रू किती? रोमन इतिहासकार व्हॅलेरियस म्हणतो ४०,०००, पकडलेले ५,७००. दुसरा रोमन इतिहासकार क्लॉडियस क्वाड्रिगेरियस म्हणतो ३२,००० आणि ४,३००. पॉलिबियस म्हणतो ८,००० आणि ५,०००. लिव्ही पॉलिबियसचं घेतो आणि व्हॅलेरियसला टोमणा मारतो की कैद्यांच्या आकड्यात याची थाप जरा बेताची आहे. पण पुढचं वाक्य महत्त्वाचं. आकडा सर्वांत लहान म्हणून घेतला नाही, तर ग्रीसमधल्या रोमन घडामोडींबाबत पॉलिबियस भरवशाचा म्हणून घेतला, असं तो बजावतो. लहान आकडा म्हणजे खरा आकडा, ही आपल्याकडच्या चिकित्सकांचीही लाडकी समजूत आहे. ती नियम म्हणून चालत नाही.

कैद्यांचे तिन्ही आकडे एकमेकांजवळ आहेत, मेलेल्यांचे मात्र पाचपट लांब, हेही बघा. कैदी विकायचे असतात, म्हणून ते मोजले जातात. प्रेतं कोण मोजतो?

ग्रीक इतिहासकार एरियन आणखी एक पायरी चढतो. अलेक्झांडरवर लिहिताना त्याने टॉलेमी आणि अॅरिस्टोब्युलस हे दोन जण निवडले, दोघेही मोहिमेत असलेले. दोघांचं जुळलं तर खरं मानायचं, न जुळलं तर जास्त पटेल ते घ्यायचं. ख्रिस्तपूर्व ३२६, झेलमचा काठ. पोरसाचा मुलगा अडवायला आला तो ६० रथ घेऊन, असं अॅरिस्टोब्युलस म्हणतो. टॉलेमी म्हणतो २,००० घोडेस्वार आणि १२० रथ. एरियन टॉलेमीकडे झुकतो. का? टेहळणीला ६० रथ फार होतात आणि परत फिरताना अडचणीचे, उलट नदी उतरणारी फौज अडवायला ते अगदीच थोडे. पोरससारखा जाणता राजा असा अर्धवट डाव टाकणार नाही. इथवर ठीक. पण टॉलेमीवर विश्वास का, याचं त्याने दिलेलं एक कारण असं की तो पुढे राजा झाला आणि राजाला खोटं बोलणं जास्त लाजिरवाणं. हे वाचून कोल्हापूरकर गालात हसतील.

आमच्या घराण्याचा इतिहास लिहितो आहे. आजोबांनी सांगितलेल्या गोष्टी, एक कैफियत, काही मोडी कागद आहेत. तुमच्या ग्रीक-रोमन मंडळींकडून काही कामाचं मिळेल का?
— एक वाचक, गडहिंग्लज तालुका

मिळेल, आणि पहिली गोष्ट कडू आहे. लिव्ही आठव्या भागाच्या शेवटी म्हणतो की जुना इतिहास घराण्यांनीच नासवला. अंत्ययात्रेतली स्तुतिपर भाषणं आणि पूर्वजांच्या मुखवट्यांखाली लावलेले खोटे किताब यांनी प्रत्येक घराणं दुसऱ्याची कामगिरी आपल्याकडे ओढत होतं. सिसेरोही तेच सांगतो : न झालेले विजयोत्सव, वाढवलेली कॉन्सलपदं आणि वंशावळीत घुसवलेले पूर्वज. तेव्हा कैफियत हातात घेताना आधी विचारा, ही कुणापुढे आणि कशासाठी लिहिली? वतनाच्या तंट्यात दाखल केलेली असेल तर तिच्यातला पूर्वज हमखास उंच झालेला असतो. तिच्यात सहज, जाता जाता आलेले तपशील, गावांची नावं, शेताच्या सीमा, देणेकऱ्यांची नावं हे जास्त भरवशाचं. त्यासाठी कुणी खोटं बोलत नाही. सीमेचा तंटाच असेल तर मात्र उलट.

दुसरं, जागेवर जा. टिमियस पन्नास वर्षं अथेन्समध्ये पुस्तकांत बसून लिहीत राहिला म्हणून पॉलिबियसने त्याला झोडलं. स्वतः मात्र हॅनिबलची वाट पाहायला आल्प्समधून जाऊन आला. जागा मोजून आकडा कसा पाडायचा, याचा त्याने दिलेला नमुना उचलण्यासारखा आहे. ख्रिस्तपूर्व ३३३ ची इससची लढाई, अलेक्झांडर आणि पर्शियाचा राजा डरायस यांची. अलेक्झांडरसोबतचा इतिहासकार कॅलिस्थेनिस म्हणतो, समुद्र आणि डोंगर यांमधली जागा १४ स्टेड, आणि डरायसचे ३०,००० घोडेस्वार तिथे उभे होते. पॉलिबियस हिशोब घालतो : घोडदळ कामाचं राहायचं तर खोली फार तर आठ घोड्यांची, आणि पथकांमध्ये वळायला जागा हवी. अशा रचनेत एका स्टेडला ८०० घोडे. १४ स्टेडला ११,२००. मग ३०,००० कुठे उभे केले, एकावर एक तीन थर रचून? आणि भाडोत्री पायदळाला जागा कुठली उरली? स्टेड म्हणजे अंदाजे १८० मीटर. तुमच्या आजोबांच्या गोष्टीत पूर्वजाने पाचशे स्वारांनिशी एखादी खिंड अडवली असेल तर टेप घेऊन जा, खिंडीची रुंदी मोजा आणि हेच गणित घाला. पाचशे जमले नाहीत म्हणून गोष्ट फेकू नका. खिंड अडवली हे खरं आणि पाचशे हा फुगवटा, असंही असतं.

तिसरं, एकट्याने मोजू नका. ग्रीसमधल्या प्लाटिया शहराला वेढा पडला तेव्हा आतल्या लोकांना शत्रूची भिंत चढायला शिड्या करायच्या होत्या, पण उंची माहीत नव्हती. भिंतीचा एक भाग गिलावा न केलेला होता. तिथले विटांचे थर त्यांनी मोजले, बऱ्याच जणांनी एकाच वेळी आणि पुन्हा पुन्हा. काही चुकतील, पण जास्त जणांचं उत्तर बरोबर येईल, हा हिशोब. एका विटेची जाडी धरून उंची काढली आणि शिड्या बरोबर पुरल्या. थ्युसिडिडीजने हे इतकं बारकाईने दिलं आहे की त्याला ही पद्धत आवडली होती, हे लपत नाही. मोडीचं एखादं अवघड नाव असंच तिघांना वेगवेगळं वाचायला द्या, एकमेकांचं उत्तर न दाखवता.

लिहायच्या क्रमाबद्दल ग्रीक लेखक ल्युशियनचा सल्ला घ्या. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात त्याने इतिहास कसा लिहावा यावर एक खोचक पुस्तिका लिहिली. आधी सगळं कच्चं टिपण करा, त्यात भाषेची सजावट नको आणि जोडकामही नको. मग क्रम लावा. शेवटी भाषा. उलटं केलं की काय होतं? छान जमलेलं वाक्य मोडवत नाही आणि नंतर सापडलेला कागद त्या वाक्यासाठी दाबला जातो.

टिपणाच्या प्रत्येक ओळीपुढे ‘पाहिलं’, ‘ऐकलं, कुणाकडून’, ‘कागद, कोणता’ किंवा ‘माझा अंदाज’ यांतलं एक लिहा. आजोबांनी कुणाकडून ऐकलं तेही विचारा. आजोबांच्या जन्माआधीची गोष्ट असेल तर ते साक्षीदार नाहीत, निरोप्या आहेत.

हिरोडोटसने भारतातल्या सोनं उकरणाऱ्या मुंग्यांबद्दल लिहिलंय, ते खरंच आहे का?
— इयत्ता नववी, मंगळवार पेठ

आहे. तिसऱ्या भागात. कुत्र्यापेक्षा लहान, कोल्ह्यापेक्षा मोठ्या मुंग्या वाळवंटात बिळं करताना सोन्याची वाळू वर काढतात. लोक भर उन्हात, मुंग्या आत असताना उंटांवरून जातात, पोती भरतात आणि मुंग्या मागे लागायच्या आत पळतात. ‘पर्शियन लोक असं सांगतात’ हे त्याने लिहून ठेवलं आहे. आणि गोष्ट निव्वळ पर्शियातली नव्हे : महाभारताच्या सभापर्वात युधिष्ठिराला उत्तरेकडच्या लोकांनी नजराणा आणला त्यात ‘पिपीलिक’ नावाचं सोनं आहे. पिपीलिका म्हणजे मुंगी. मुंगी म्हणजे हिमालयापलीकडचा बिळं करणारा मार्मोट हा प्राणी असावा, असं काहींचं म्हणणं आहे.

शंभर वर्षांनी अलेक्झांडरचा आरमारप्रमुख निआर्कस भारतात आला. मुंगी आपण पाहिली नाही, पण छावणीत आणलेली पुष्कळ कातडी पाहिली, असं त्याने लिहिलं. मेगास्थनीसने पुन्हा ऐकीव गोष्ट सांगितली. एरियनने पुढे ही दोन्ही टिपणं समोर ठेवली आणि लिहिलं की याहून पक्कं माझ्याजवळ काही नाही, तेव्हा मुंग्यांचा विषय मी खुशीने सोडून देतो.